गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे, हे मोजलंय का कुणी?

निवृत्त_यंत्री

माझी भाची पाषाणला आयसरमध्ये भौतिकशास्त्र शिकते. रविवारी जेवायला आली होती, तेव्हा सहज विचारलं, "काय गं, तुमची ती क्वांटम ग्रॅव्हिटी कधी सापडणार?" ती म्हणाली, "मामा, सापडायचं राहू दे. गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे की नाही हेच अजून कुणी मोजून दाखवलेलं नाही." आणि आमटी वाढून घेतली.

माझं आयुष्य टर्बाइनच्या बेअरिंगची व्हायब्रेशन्स मोजण्यात गेलं. त्यामुळे जे मोजलेलंच नाही त्यावर इतकी हुशार माणसं इतकी वर्षं का खपतायत, हे कळेना. गुरुत्वाकर्षणाला अणू-कणांचे, म्हणजे क्वांटम, नियम लावणाऱ्या या सिद्धांताची गरज मुळात पडतेच का? घोडं अडलंय कुठे? आणि काय मोजलं म्हणजे निकाल लागेल? जाणकारांनी लिहावं. गणित थोडं चालेल. "आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं" छापाचे प्रतिसाद कृपया वेगळ्या धाग्यावर.

सदाशिव_पेठी

आमच्या वाड्याचा जिना उतरून बघा. गुरुत्वाकर्षणाचा पुरावा तिसऱ्या पायरीवरच मिळतो. क्वांटमचं मात्र सांगता येत नाही.

(वाचतोय. खुर्ची टाकून बसलोय.)

अनुजा_गणेशखिंड

गरज कुठून येते ते आधी. आइनस्टाइनच्या १९१५ च्या समीकरणात एका बाजूला अवकाशकाळाची भूमिती असते आणि दुसऱ्या बाजूला द्रव्य व ऊर्जा. द्रव्य क्वांटम नियमांनी चालतं, त्यात आता वाद नाही. मग एखादा कण "इथे" आणि "तिथे" अशा एकत्रित अवस्थेत असेल, तर तो दुसऱ्या वस्तूला कुठून ओढणार? इथून की तिथून? भूमिती जुन्या पद्धतीची, म्हणजे एकच ठाम उत्तर देणारी असेल, तर तिला काहीतरी एक निवडावंच लागेल.

सोपी पळवाट अशी की सरासरी घ्यायची. अर्धं वजन इथे, अर्धं तिथे. डॉन पेज आणि गाइल्कर यांनी १९८१ मध्ये हे चक्क करून पाहिलं. जड गोळे दोनपैकी कुठल्या जागी ठेवायचे हे किरणोत्सारी क्षयाच्या मोजणीवरून ठरवायचं आणि शेजारच्या पीळतराजूला (तारेला टांगलेल्या, बारीक ओढ मोजणाऱ्या दांडीला) ओढ कुठून जाणवते ते बघायचं. गोळे जिथे होते तिथूनच ओढ आली, मधल्या सरासरी जागेकडून नाही. यावर टीकाही झाली, कारण मोजणीच्या क्षणीच क्वांटम अवस्था कोसळून एक जागा ठरते असं मानलं तर या प्रयोगातून फारसं काही हाती लागत नाही. तरी सरासरीचा अगदी भाबडा अवतार तिथे निकालात निघाला.

दुसरी गरज कृष्णविवरांची. हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवलं की कृष्णविवराला तापमान असतं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान एका केल्विनच्या कोटीव्या भागाहूनही कमी, म्हणजे मोजायची सोय नाहीच. पण तापमान आलं की एन्ट्रॉपी (आतल्या किती मांडण्या शक्य आहेत त्याचं माप) आली, आणि एन्ट्रॉपी आली की "कशाची?" हा प्रश्न आला. वायूच्या बाबतीत आपण रेणू मोजतो. इथे काय मोजायचं? बेकेन्स्टाइन आणि हॉकिंग यांच्या सूत्रात ही एन्ट्रॉपी आकारमानावर अवलंबून नसते, पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर असते. गंमत म्हणजे त्या एका सूत्रात गुरुत्वाचा स्थिरांक, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग असे तिघेही एकत्र बसलेत. माझ्या मते या विषयाचा सगळ्यात भक्कम धागादोरा तोच आहे.

निवृत्त_यंत्री

अनुजाताई, धन्यवाद. हे पटलं. आता अडलंय कुठे? विद्युतचुंबकत्वाचा क्वांटम सिद्धांत झाला ना? तीच रीत इथे का चालत नाही?

पाषाणरोड

चालवून बघितली काका. तुटते.

क्वांटम हिशेबात पायरीपायरीने दुरुस्त्या जोडाव्या लागतात आणि त्यात अनंत राशी उगवतात. विद्युतचुंबकत्वात त्या दोन-तीन मोजलेल्या राशींत (वस्तुमान, विद्युतभार) सामावून टाकता येतात आणि मग उत्तरं दशांशाच्या कितीतरी स्थळांपर्यंत जुळतात. गुरुत्वाकर्षणात प्रत्येक पायरीला नव्या जातीची अनंत राशी येते. त होफ्ट आणि वेल्टमन यांनी १९७४ मध्ये पहिली पायरी तपासली. नुसत्या पोकळीत ती कशीबशी सुटते, द्रव्य आणलं की बिघडते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गोरॉफ आणि सान्योती यांनी दुसरी पायरी तपासली, तिथे पोकळीतही बिघडलं. सगळ्या अनंत राशी मिटवायच्या तर अनंत प्रयोग करून अनंत आकडे मोजून आणावे लागतील. असा सिद्धांत काय भाकीत करणार?

पण एक गोष्ट लोकप्रिय व्याख्यानांत हमखास गाळली जाते. कमी ऊर्जेला ही रीत व्यवस्थित चालते! १९९४ मध्ये डोनोह्यू यांनी न्यूटनच्या नियमाला लागणारी क्वांटम दुरुस्ती काढायची पद्धत दाखवली. एक मीटर अंतरावर ती दुरुस्ती १० च्या उणे ७० व्या घाताच्या घरात येते. म्हणजे "आइनस्टाइन आणि क्वांटम यांचं जमतच नाही" हे वाक्य अर्धवट आहे. जमतं, पण ज्या ठिकाणी जमतं तिथे परिणाम मोजण्यापलीकडे क्षुद्र, आणि जिथे परिणाम मोठा तिथे गणित हात वर करतं. ती जागा म्हणजे प्लांक लांबी, १० चा उणे ३५ वा घात मीटर. तिथवर थेट जायचं तर जिनिव्हाच्या एलएचसी या कणप्रवेगकापेक्षा साधारण १० च्या १५ व्या घाताइतकी जास्त ऊर्जा हवी.

इतिहासवेडा

अडण्याच्या यादीत एक नाव राहू नये. मात्वेई ब्रॉनस्टाइन, लेनिनग्राड. १९३६ मध्ये या माणसाने क्षीण गुरुत्वीय लहरींवर क्वांटम नियम लावून पाहिले आणि बजावलं की गुरुत्वाकर्षणाची गोष्ट विद्युतचुंबकत्वापेक्षा मुळातच वेगळी आहे. विद्युतक्षेत्र बारीक जागेत मोजायचं तर मोजणाऱ्या वस्तूवर हवा तेवढा भार ठेवा. गुरुत्वक्षेत्र बारीक जागेत मोजायचं तर वस्तू जड करावी लागते, आणि जास्त जड केली की तीच स्वतःभोवती अवकाश मिटून घेते. म्हणजे मोजमापालाच मर्यादा. १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला उचललं, फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळी घातली. वय ३१.

कोथरूडकर_जुना

पुण्याच्या धाग्यावर दोन नावं अजून आली नाहीत म्हणजे कमाल आहे.

एक, अभय अष्टेकर. जन्म शिरपूरचा, १९४९. १९८६ मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली, आणि ती बरीचशी इतर बलांच्या समीकरणांसारखी दिसायला लागली. त्यावर रोव्हेली आणि स्मोलिन यांच्यासोबत लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. तिचं १९९५ च्या सुमाराचं ठळक उत्तर असं की क्षेत्रफळ हवं तितकं लहान करता येत नाही. सगळ्यात लहान तुकडा ठरलेला असतो, ढोबळमानाने प्लांक लांबीच्या वर्गाएवढा. २००६ मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी तेच विश्वाच्या आरंभाला लावलं, तर महास्फोटाच्या जागी उसळी आली. म्हणजे आधीचं विश्व आक्रसत आलं आणि परत फुललं.

दुसरे, आपल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे थाणू पद्मनाभन. २०२१ च्या सप्टेंबरात गेले. मूळचे केरळचे, पण कामाचा मोठा काळ इथेच, विद्यापीठाच्या आवारात. त्यांचं म्हणणं एकदम उलट्या दिशेचं होतं: तुम्ही चुकीच्या गोष्टीला क्वांटम करताय. आइनस्टाइनची समीकरणं क्षितिजाजवळ (जिच्या पलीकडून प्रकाशही येत नाही त्या सीमेजवळ) लिहिली की ती ऊष्मागतिकीच्या नियमांसारखी वाचता येतात. १९९५ मध्ये टेड जेकबसन यांनीही याच वाटेने एक सुंदर निष्पत्ती दिली होती. पद्मनाभन यांनी ही कल्पना पुढे वर्षानुवर्षं लावून धरली. अवकाशकाळ हे जर आतल्या कुठल्यातरी अज्ञात कणांचं सामूहिक वागणं असेल, तर त्याच्या भूमितीला क्वांटम करणं म्हणजे पोलादाच्या लवचिकतेच्या समीकरणांवरून अणू शोधण्यासारखं झालं. फार तर ध्वनिकंपनांचे क्वांटम हाती लागतील, अणू नाहीत.

मला स्वतःला हे दुसरं जास्त भावतं. अष्टेकर आपले म्हणून कुणी माझ्यावर रागावू नये.

निवृत्त_यंत्री

लवचिकतेची गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठलोच. बरोबर आहे! आम्ही पोलादाचा ताण काढताना लोखंडाच्या अणूचा विचारही करत नाही आणि मशीन तरी चालतं.

स्ट्रिंगवाला

कोथरूडकर, निवडणूक एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. स्ट्रिंग सिद्धांतात कण म्हणजे कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा, स्ट्रिंग. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्झ यांनी, आणि जपानमध्ये योनेया यांनी स्वतंत्रपणे, दाखवलं की बंद स्ट्रिंगच्या एका कंपनाचे गुण ग्रॅव्हिटॉनचेच (गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम कण मानतात त्याचेच) आहेत. म्हणजे गुरुत्वाकर्षण इथे बाहेरून घुसवलं नाही, ते आपसूक आलं. १९८४ मध्ये ग्रीन आणि श्वार्झ यांनी एक मोठी गणिती विसंगती मिटवली आणि मग गर्दी झाली. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी काही खास कृष्णविवरांच्या आतल्या अवस्था मोजल्या आणि अनुजाने सांगितलेलं क्षेत्रफळाचं सूत्र गुणकासकट बरोबर मिळालं. आपल्याकडे अशोक सेन यांचं या क्षेत्रातलं काम जगात वाखाणलेलं आहे.

चिकित्सक_०७

आणि दहा मिती, त्यातल्या सहा गुंडाळलेल्या. गुंडाळायच्या पद्धती किती, तर १० चा ५०० वा घात असा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. यातली कुठलीतरी एक आपल्या विश्वाशी जुळणारच! असा सिद्धांत खोटा ठरणार कसा?

लूपवाल्यांचंही तेच. १० मे २००९ ला फर्मी दुर्बिणीने एक गॅमा किरण स्फोट पकडला. ३१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक फोटॉन ७०० कोटींहून जास्त वर्षं प्रवास करून आला, आणि कमी ऊर्जेच्या किरणांशी त्याच्या येण्यातला फरक एका सेकंदाच्या आत होता. अवकाश दाणेदार असेल आणि त्यामुळे जास्त ऊर्जेचा प्रकाश सरळ प्रमाणात मंदावत असेल, तर फरक यापेक्षा जास्त दिसायला हवा होता. दिसला नाही. तेव्हा लूपवाले म्हणाले, "आमचा सिद्धांत असा मंदावा सांगतोच असं नाही." ठीक आहे. मग काय सांगतो ते सांगा, म्हणजे तपासू. नव्वद वर्षं झाली, लोकांच्या करातून पगार चाललेत.

पाषाणरोड

पगाराचा मुद्दा फसवा आहे. या विषयातल्या माणसाला खडू, फळा आणि चहा लागतो. लायगो-इंडियाला २०२३ मध्ये मंजूर झालेले २६०० कोटी हिंगोलीतल्या औंढा नागनाथच्या वेधशाळेसाठी आहेत, आणि ती शोधणार त्या गुरुत्वीय लहरी आइनस्टाइनच्या जुन्या समीकरणांतल्या. त्यात क्वांटम गुरुत्वाकर्षणाला दमडी नाही.

बाकी तपासण्याजोगं भाकीत हवं, यावर मात्र तुमच्याशी सहमत. माझ्या दृष्टीने गेल्या दहा वर्षांतली खरी बातमी सिद्धांताची नाहीच. प्रयोगाची आहे. अनुजा, तू लिहितेस का?

अनुजा_गणेशखिंड

लिहिते. काकांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

२०१७ च्या डिसेंबरात एकाच नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. एक सौगत बोस आणि सहकाऱ्यांचा, दुसरा मार्लेटो आणि वेद्राल यांचा. कल्पना अशी. हिऱ्याचे दोन अतिसूक्ष्म कण घ्या, प्रत्येकी साधारण १० चा उणे १४ वा घात किलो. निर्वात पोकळीत, थंडगार. दोघांनाही "डावीकडे आणि उजवीकडे" अशा एकत्रित अवस्थेत टाका, दोन्ही जागांत अडीचशे मायक्रोमीटर अंतर. दोन्ही कण शेजारी शेजारी पडू द्या, पण सगळ्यात जवळ आले तरी दोनशे मायक्रोमीटर दूर, म्हणजे इतर बलं गुरुत्वाच्या खाली राहतील. अडीच-एक सेकंदांनी दोन्ही अवस्था परत जुळवा आणि तपासा, दोघांत क्वांटम गुंतागुंत, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्यापासून सुटी सांगता येणार नाही अशी जोड, तयार झालीये का.

झाली असेल तर त्यांच्यामध्ये निरोप पोचवणारं फक्त गुरुत्वाकर्षण होतं. आणि निव्वळ क्लासिकल (जुन्या, बिगर-क्वांटम नियमांच्या) निरोप्याला दोन दूरच्या वस्तूंत गुंतागुंत निर्माण करता येत नाही, असा क्वांटम माहितीशास्त्रातला निष्कर्ष आहे. म्हणजे निरोप्या क्लासिकल नाही. ग्रॅव्हिटॉन पकडायची गरज नाही, प्लांक ऊर्जाही नको. फक्त "हो की नाही" एवढं उत्तर मिळतं.

निवृत्त_यंत्री

थांबा, आकडेमोड करून बघितली. गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमानाचा वर्ग, भागिले प्लांकचा (२π ने भागलेला) स्थिरांक आणि अंतर. दर सेकंदाला सुमारे ०.३ रेडियन फेज (क्वांटम लहरीची सरक) येते. दोन-तीन सेकंदांत पाऊण-एक रेडियन! मला वाटलं होतं उणे चाळिसावा घात वगैरे येईल. हा तर मोजता येईल असा आकडा आहे. एवढे सगळे घात वाचल्यावर हा ०.३ बघून फार बरं वाटलं.

एक शंका. या सूत्रात प्रकाशाचा वेग कुठेच नाही. नुसता न्यूटन आणि प्लांक. मग यात आइनस्टाइनचं काय तपासलं गेलं?

अनुजा_गणेशखिंड

काका, याच शंकेवर तज्ज्ञांत जुंपलीये. एक गट म्हणतो, न्यूटनची स्थितिज ऊर्जा क्वांटम समीकरणात टाकली की गुंतागुंत येणारच, त्यातून ग्रॅव्हिटॉनबद्दल काही सिद्ध होत नाही. दुसरा म्हणतो, बल तत्काळ पोचत नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून मध्ये क्षेत्र मानावं लागतं, आणि मग ते क्षेत्र क्वांटम हवं. २०२५ मध्ये तर "क्लासिकल गुरुत्वाकर्षणही गुंतागुंत घडवू शकतं" असं म्हणणारा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला, आणि त्यावर लगेच उलट उत्तरंही आली. माझं मत: "हो" आलं तर वाद संपणार नाहीत, पण गुरुत्वाकर्षण साफ क्लासिकल आहे असं म्हणणाऱ्यांची अवस्था बिकट होईल. "नाही" आलं तर मात्र आपल्या सगळ्यांची पुस्तकं परत लिहावी लागतील.

चिकित्सक_०७

हे आवडलं. प्रयोग झालाय का पण?

पाषाणरोड

कुठला! आज आपण दोन टोकांना उभे आहोत. क्वांटम बाजूला, व्हिएन्नात २०१९ मध्ये दोनेक हजार अणूंचे रेणू एकत्रित अवस्थेत टाकून व्यतिकरण (लहरींसारखं एकमेकांत मिसळणं) दाखवलं. त्यांचं वस्तुमान २५ हजार डाल्टनच्या वर (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढं). लागणारा हिरा त्यापेक्षा वीस-पंचवीस कोटी पट जड. गुरुत्वाच्या बाजूला, व्हिएन्नातच २०२१ मध्ये सुमारे ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीची ओढ मोजली, दोन मिलिमीटर व्यासाची गोळी. ती हिऱ्यापेक्षा काहीशे कोटी पट जड. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकचा बोगदा दोन्ही तोंडांनी खणला तसं चाललंय, फक्त मधला डोंगर अजून बराच शिल्लक आहे.

कोथरूडकर_जुना

अवांतर: आपल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा यात काही वाटा?

अनुजा_गणेशखिंड

खोडदच्या ३० अँटेनांनी स्पंदकांवर (ठेक्यात रेडिओ झोत टाकणाऱ्या ताऱ्यांवर) नजर ठेवून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा देण्यात भाग घेतला. मोठं काम, पण क्लासिकल लहरींचं. एकटा ग्रॅव्हिटॉन पकडणं जवळजवळ अशक्य, असं फ्रीमन डायसन सांगत. २०२४ मध्ये पिकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की अतिथंड धातूच्या दांड्याने लहरीतून ऊर्जेचा एकच क्वांटम शोषलेला दिसू शकेल, लायगोच्या नोंदीशी वेळ जुळवून. पण फोटोइलेक्ट्रिक परिणामासारखंच इथेही "लहर क्लासिकल, फक्त दांडा क्वांटम" असा अर्थ लावता येतो. म्हणून मी दोन हिऱ्यांवरच पैज लावेन.

चिकित्सक_०७

पैजेवरून आठवलं. लंडनचे जोनाथन ओपनहाइम गुरुत्वाकर्षण क्लासिकलच ठेवतात आणि त्याची किंमत म्हणून अवकाशकाळात अटळ यादृच्छिक थरथर मानतात. म्हणजे वस्तूचं वजन अगदी बारीक मापाने मोजत राहिलं तर ते हलताना दिसायला हवं. पुरेशी थरथर सापडली नाही तर त्यांचा सिद्धांत बाद. त्यांनी रोव्हेली आणि पेनिंग्टन यांच्याशी ५०००:१ ची पैज लावलीये. मला त्यांचा सिद्धांत पटत नाही, पण माणूस आवडला. कशाने हरेन ते आधीच सांगून बसलाय.

मास्तर_भोर

अकरावीच्या मुलांना हे सांगायचंय, म्हणून वाचनखूण साठवली. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांच्यासाठी: आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानं असतात, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आवार लोकांना खुलं असतं.

निवृत्त_यंत्री

अनुजाताई, आता माझ्या धंद्याचा प्रश्न. हा प्रयोग गणेशखिंड रस्त्यावर करायचा म्हटलं तर? धक्के वगैरे स्प्रिंगवर घेता येतील, ते मी करून देतो. पण ट्रकचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण? ते कुठल्याच फाउंडेशनने अडत नाही. १० टनांचा ट्रक १० मीटरवरून गेला, तर अडीचशे मायक्रोमीटर अंतरावरच्या दोन जागांवर त्याच्या ओढीत जो फरक पडतो, तो त्या दोन हिऱ्यांच्या आपसातल्या ओढीच्या सुमारे वीस हजार पट निघाला. दोन्ही सारखे व्हायला ट्रक पावणेतीनशे मीटर दूर हवा.

अनुजा_गणेशखिंड

हिशेब बरोबर आहे, आणि हा अडथळा खरंच अभ्यासला जातो. एक दिलासा आहे: ट्रकची ओढ प्रत्येक हिऱ्याला वेगवेगळी फेज देते, दोघांत गुंतागुंत करत नाही. ट्रक दर वेळी त्याच जागी उभा असेल तर ती फेज वजा करता येते. प्रयोग हजारो वेळा करून सरासरी काढायची असते, आणि त्रास होतो तो दर वेळी नवीन ट्रक नवीन अंतरावरून गेल्याने.

निवृत्त_यंत्री

म्हणजे रस्त्याकडेला सेन्सर लावून प्रत्येक वाहनाचं वजन, अंतर आणि वेळ नोंदवायची आणि त्या त्या फेरीतून वजा करायची. हे जमण्यासारखं आहे. फक्त विद्यापीठ चौकात नको, तिथे नोंदी ठेवणारा संगणकच दमेल. भोर-वेल्ह्याकडे एखादी जागा बघू. मास्तर, तुमच्याकडे रात्री ट्रक किती जातात?